घाटाने की बोगद्याने

आधीच सांगून ठेवते, गाडीत पुढच्या सीटवर बसायची मला काही हौस नाही. वहिनी गाडी चालवणार, तिच्या शेजारी कुणीतरी जागं माणूस हवं, म्हणून मी बसायचे. भाऊ गेल्यापासून दर वर्षी बसले, बारा-तेरा वर्षं झाली असतील. इतकी वर्षं एका जागी बसल्यावर ती जागा आपली होते की नाही, तुम्हीच सांगा.

आम्ही दोघी दात करतो. म्हणजे दातांच्या डॉक्टरांकडून लोकांच्या तोंडाचे साचे येतात, त्यावरून आम्ही कवळ्या आणि कॅपा बनवून परत पाठवतो. लॅब मूळची भावाची. तो गेला तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता या बायका हे विकणार. वहिनीने नाही विकलं. ती मेणात दात बसवायला शिकली, मी मशीनवर घासून चकाकी आणायला. माझं लग्न झालं नाही, का झालं नाही ते वेगळं पुराण आहे, पण त्यामुळे मी त्याच घरात होते. तिला माझा आधार झाला आणि मला तिचा. ती माझ्याहून दोन वर्षांनी मोठी, तरी आमचं पहिल्यापासून अगं-तुगं.

वर्षातून एकदा लॅबला कुलूप ठोकून आम्ही चार दिवस समुद्रावर जातो. शहर सोडल्यावर बऱ्याच वेळाने एक पेट्रोल पंप लागतो आणि तिथे रस्ता फुटतो. डावीकडे जुना घाट, वळणावळणाचा, अरुंद, एका अंगाला दरी. उजवीकडे नवा महामार्ग. तो डोंगर फोडून काढलेल्या लांबलचक बोगद्यातून जातो आणि चांगला तासभर वाचवतो. पंपावर पेट्रोल भरून झालं की वहिनी पट्टा लावते, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवते आणि विचारते, "बोला नणंदबाई, कुठून?" मी म्हणते, घाटाने. दर वर्षी हाच प्रश्न आणि हेच उत्तर.

त्याला कारण आहे. भाऊ गेल्यानंतरच्या पहिल्या खेपेला वहिनी नुकतीच गाडी शिकली होती. पंपावर एक ट्रकवाला सांगत होता की बोगद्यात गाड्या अडकल्यात आणि आतले दिवे गेलेत. वहिनीचा चेहरा आमच्या प्लास्टरसारखा पांढरा पडला. मी तेव्हाच ओळखलं, हिला बोगद्याची भीती वाटते. तिने विचारलं कुठून जायचं, मी पटकन म्हटलं घाटाने जाऊ, आणि ती डावीकडे वळली.

आता गंमत अशी की घाट मला बाधतो. दुसऱ्याच वळणाला पोटात ढवळायला लागतं. पण हे मी वहिनीला कधी कळू दिलं नाही. सकाळी काही न खाता निघायचं, मुठीत लिंबू धरायचं आणि घाट लागला की डोळे गच्च मिटून झोपेचं सोंग घ्यायचं. खाली उतरल्यावर वहिनी म्हणायची, तुला घाटात कशी झोप लागते देव जाणे. मी आपली जांभई देऊन उठायचे. आपल्या माणसासाठी एवढं करतोच की आपण. आणि मनातून मला त्याचा अभिमानही होता, खोटं कशाला बोलू.

मग सून आली. वहिनीचा मुलगा, माझा भाचा, जहाजावर इंजिनात असतो. लग्न केलं, महिनाभर राहिला आणि बायकोला आमच्या हवाली करून गेला. पोरगी वाईट नाही. हेच तर दुखणं आहे. वाईट असती तर माझी केवढी सोय झाली असती. ती सपाट मुलखातली, पूर्वी शाळेत चित्रकला शिकवायची. घरी बसून काय करू म्हणाली आणि आमच्याबरोबर लॅबमध्ये यायला लागली.

दात करताना खरी परीक्षा रंगाची असते. दात पांढरा असतो हे फक्त जाहिरातीत. कुणाचा पिवळट असतो, कुणाचा करडा, टोकाशी एक आणि हिरडीशी दुसराच. शेजारच्या दाताशी छटा जुळली नाही तर माणूस हसला रे हसला की चोरी उघडी पडते. म्हणून शेवटी दात खिडकीशी न्यायचा आणि उजेडात नमुन्याच्या पट्टीशी लावून बघायचा. वहिनी दात घेऊन खिडकीशी जायची आणि हाक मारायची, ये गं, बघ जरा. मी हातातलं टाकून जायचे. सून येऊन महिनाही झाला नसेल, वहिनीने खिडकीशी उभं राहून हाक मारली, मी हात पुसत उठले, तर हाक तिला होती. मी आपली उठलेच आहे तर म्हणून पाणी प्यायले. वहिनी मला म्हणाली, हिची नजर बघ, आपल्याला दिसत नाही ते हिला दिसतं. असेल बाई, तरुण डोळे आहेत, असं म्हणून मी मशीन सुरू केलं, म्हणजे पुढचं काही ऐकू यायला नको.

एकदा का असं सुरू झालं की सगळीकडे तेच दिसायला लागतं. वहिनीला चहा कसा लागतो ते सुनेला कळलं. वहिनीचा चष्मा हरवला की तोही तिलाच सापडायला लागला. माझी कंबर धरली होती त्या आठवड्यात डोंगरावरच्या एका दवाखान्यात कवळ्या पोचवायच्या होत्या, तर वहिनी हिला घेऊन गेली. परत आल्या त्या दोघी हसतच आत शिरल्या. कशाला हसत होत्या ते मलाही सांगितलं, पण उष्ट्या हसण्याला काय चव असणार. मी पडल्या पडल्या भिंतीकडे तोंड केलं आणि कंबर दुखतेय म्हटलं. दुखत होतं ते वेगळंच.

यंदा समुद्रावर तिघींनी जायचं ठरलं. निघायच्या आदल्या दिवशी दुपारी आम्ही लॅबमध्ये डबे उघडून बसलो होतो. वहिनी बाहेर फोनवर एका डॉक्टरशी हुज्जत घालत होती. सुनेने दाराकडे बघून घेतलं आणि आवाज खाली आणून म्हणाली, "आत्या, यंदा बोगद्याने जाऊ या का? आईंना घाटात गाडी चालवायची फार भीती वाटते."

माझा घास हातातच राहिला. मी म्हटलं, कुणाला? तर म्हणाली, आईंना, वळणांवर फार त्रास होतो त्यांना. तेवढ्यात वहिनी आत आली आणि त्या डॉक्टरच्या नावाने बोटं मोडत जेवायला बसली. विषय तिथेच राहिला.

माझ्या डोक्यात मात्र तो दिवसभर फिरत होता. वहिनीला घाटाची भीती? इतक्या वर्षांत एका शब्दाने बोलली नाही मला. एकाच घरात राहतो, एका भांड्यातला चहा पितो, भाऊ गेला तेव्हा रडलो ते एकमेकींच्या खांद्यावर. आणि ही भीती तिने सांगितली कुणाला, तर काल आलेल्या पोरीला. मला आतून असं जळजळलं की संध्याकाळी एक चांगली भली कवळी जास्त घासून मी तिची कडा घालवली. वहिनीने काही विचारलं नाही, सुनेने विचारलं. तिचं सगळीकडे लक्ष.

पुढे एक मनात आलं ते सांगितलंच पाहिजे. मला वाटलं, हे खोटं असणार. हिलाच बोगद्याने लवकर पोचायचं असेल आणि वहिनीच्या नावावर खपवत असेल. तसं असतं तर मला फार बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाण्याच्या बाटल्या घेऊन खाली आले, तर सून गाडीचं पुढचं दार उघडून उभी होती. मला बघून बाजूला झाली. बसा ना आत्या, म्हणाली. आता सरळ बसायचं की नाही मी? पण तिने देऊ केलेली माझीच जागा मी घ्यायची म्हणजे काय? मी म्हटलं, नको गं, मला मागे पाय पसरता येतात. वहिनी म्हणाली, अगं तू पुढे बसतेस ना नेहमी. म्हटलं, नेहमीचं कंटाळवाणं झालंय आता. आणि मागे जाऊन बसले. पाय कुठले पसरतेय, माझ्या शेजारी तिघींच्या बॅगा होत्या.

पंप येईपर्यंत मी खिडकीतून बाहेर बघत होते आणि मनात एकच गोष्ट होती. वहिनी कुणाला विचारणार? बाकी गाडीत कुठे बसले, कुणाला खिडकीशी हाक मारली, ते सगळं मी गिळलं असतं. पण पंपावर तिने मान वळवून शेजारी विचारलं असतं, तर माझं त्या घरात काय राहिलं ते मला कळलं असतं.

पेट्रोल भरलं, चाकांत हवा भरून झाली. वहिनी आत बसली, पट्टा लावला, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले. मग वर आरशात बघून म्हणाली, "बोला नणंदबाई, कुठून?"

मला विचारलं. आरशात माझ्याकडे बघून मलाच विचारलं. त्या क्षणी मी बोगद्याने म्हणून टाकलं असतं, शपथेवर सांगते. शब्द तोंडात आला होता. पण सुनेने मागे वळून माझ्याकडे बघितलं. नुसतं बघितलं, की आत्या, सांगितलंय ना मी तुम्हाला. झालं. म्हणजे आता मी बोगद्याने म्हटलं तर ते हिचं ऐकून. बारा-तेरा वर्षांत हा एक प्रश्न काय तो माझा होता, त्याचंही उत्तर आता ही देणार?

"घाटाने," मी म्हटलं. "नेहमीसारखं."

वहिनी डावीकडे वळली. सून पुढे बघायला लागली.

घाट लागला तशी मी लिंबू काढलं, पण डोळे मिटले नाहीत. मला बघायचंच होतं. म्हटलं, बघू या तरी काय भीतीबिती वाटते ते. आणि मागून मला वहिनीची मान दिसली. एरवी गप्पा मारताना सैल असते ती, आता खांदे पार कानांपर्यंत चढले होते. प्रत्येक वळणाआधी ती श्वास आत ओढायची आणि वळण संपेपर्यंत सोडायची नाही. समोरून बस आली की तिचा एक हात स्टिअरिंगवरून सुटायचा, पटकन गुडघ्याला पुसला जायचा आणि परत जायचा. दुसऱ्या का तिसऱ्या वेळेला सुनेने आपला रुमाल तिच्या मांडीवर ठेवला. वहिनीने हात त्याला पुसला. तिनेही वळून बघितलं नाही. त्या दोघींचं ते इतकं बिनबोभाट चाललं होतं की माझ्या अंगाची आग झाली. आणि त्याच वेळी मला मान्यही करावं लागलं, की खरं होतं ते.

मागच्या सीटवर घाट दुप्पट बाधतो, हे मला माहीत नव्हतं. त्यात डोळे उघडे. मी लिंबू नाकाशी धरलं, मग चावलं, मग सालीसकट चावलं. शेवटी ओरडले, थांबव, गाडी थांबव. वहिनीने कड्याच्या बाजूला जरा रुंद जागा होती तिथे गाडी घेतली आणि मी दार उघडून कठड्यापाशी जेमतेम पोचले. पोटात काही नव्हतं, तरी पोट ऐकायला तयार नव्हतं. सून पाणी घेऊन धावत आली. वहिनीने माझी पाठ चोळली. तिचा हात बर्फासारखा गार होता.

माझं आवरल्यावर वहिनी म्हणाली, काय खाल्लंस? म्हटलं, काही नाही, घाटात मला असंच होतं, नेहमीच. ती म्हणाली, नेहमीच कसं, तू तर झोपतेस. मी कठड्यावर टेकले आणि सोंगाचं सगळं सांगून टाकलं. लिंबूही दाखवलं, त्याचं जे काही राहिलं होतं ते.

वहिनी म्हणाली, "मग मेले, दर वर्षी घाटाने का म्हणतेस?"

"तुला बोगद्याची भीती वाटते म्हणून."

"मला? भीती तुला वाटते. तुझ्यासाठी मी जीव मुठीत धरून या घाटाने येते दर वर्षी. त्या दिवशी तो ट्रकवाला बोलला तेव्हा माझा दंड धरला होतास तू. नखं रुतली होती."

म्हटलं, बाई गं, तो तुला धीर द्यायला धरला होता. आणि त्या दिवशी तुझा चेहरा पांढरा पडला होता त्याचं काय? ती म्हणाली, पडेल नाहीतर काय होईल, तो ट्रकवाला बोलता बोलता तुझ्या भावाची आठवण काढत होता, त्याच पंपावर दोघं बरोबर चहा प्यायचे. ते मी ऐकलंच नव्हतं. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होते.

आम्ही दोघी एकमेकींकडे बघून हसायला लागलो.  पण हसू ओसरलं आणि माझं मूळचं दुखणं तसंच होतं. मी ते विचारलंच. म्हटलं, ते सगळं असू दे, पण घाटाची भीती वाटते हे तू हिला सांगितलंस आणि मला नाही, ते का?

वहिनी म्हणाली, "मी हिला काही सांगितलेलं नाही. जिच्यासाठी घाटाने यायचं तिला न सांगता हिला सांगेन होय?"

मी सुनेकडे बघितलं. ती बाटलीचं झाकण लावत होती आणि खाली बघत होती. म्हणाली, डोंगरावरच्या दवाखान्यात गेलो होतो ना, तेव्हा आई प्रत्येक वळणाला हात गुडघ्याला पुसत होत्या, मला दिसलं.

दिसलं. एवढंच. वहिनीने सांगितलं असतं तर मी वहिनीवर रुसले असते, आठवडाभर तोंड फिरवून बसले असते आणि मग आमचं मिटलं असतं. पण ह्या पोरीला आपलं आपण दिसलं होतं. आता कुणावर रुसायचं? मी वहिनीच्या शेजारी बसले एवढी वर्षं, डोळे मिटून. ही एकदा बसली. मला त्या वेळी तिचा जेवढा हेवा वाटला तेवढा खिडकीशीही वाटला नव्हता.

परत फिरण्यात अर्थ नव्हता, अर्धा घाट मागे पडला होता. वहिनी परत स्टिअरिंगकडे जायला निघाली, तेव्हा सून म्हणाली, मी चालवते. वहिनीने किल्ली तिला दिली आणि, यावर माझा विश्वास बसेना, पुढे न बसता मागचं दार उघडून माझ्या शेजारी आली. बॅगा मांडीवर घेतल्या आणि माझा हात हातात धरून बसली. गाडी निघाली. आम्ही दोघी भावाच्या काळातलं काहीबाही बोलत होतो. तो एकदा बोगद्यात गाणं म्हणत सुटला होता, आवाज घुमतो म्हणून, ते आठवून वहिनी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मीही हसले. पुढची सीट रिकामी होती आणि वहिनी माझ्या बाजूला होती. दोन वळणं मी ते सुख मनसोक्त भोगलं, सोडलं नाही.

मग माझी नजर आरशात गेली. सून आमच्याकडे बघत होती. पटकन नजर काढून घेतली तिने, पण तेवढ्यात मला दिसायचं ते दिसलं. मी ओळखलं ते लगेच. सकाळपासून त्याच आरशात मी तेच तोंड करून बसले होते.

"थांबव गं जरा," मी म्हटलं. तिला वाटलं मला परत उलटी होतेय, घाबरून तिने गाडी बाजूला घेतली. मी उतरले आणि पुढचं दार उघडून तिच्या शेजारी बसले. म्हटलं, मागे फार मळमळतं.

वहिनी मागून म्हणाली, मला बॅगांबरोबर एकटीला टाकून दोघी पुढे बसलात होय? म्हटलं, बस जरा मागे, बघ कसं वाटतं.

मी डोळे उघडे ठेवले. पोटात ढवळत होतं, पण ठेवले. सून सरळ पुढे बघत होती, मोठ्या झोकात चालवत होती, सपाट मुलखातली म्हणून कुणी सांगितलं नसतं. पुढच्या वळणावर समोरून बस आली आणि तिचा हात हळूच गुडघ्याला पुसला गेला. मी माझा रुमाल काढून तिच्या मांडीवर ठेवला.